तुमचे प्रश्न: आजीची सुकडी आणि पंधराशे रुपये

प्रश्न (एक वाचक भगिनी, बार्शी): तुम्ही फुकट वाटपाच्या विरोधात नेहमी लिहायचात. तुमचं मत कुणाला जातं हेही तुम्ही लपवत नाही. मग लाडकी बहीण योजनेवर एवढे दिवस गप्प का? माझ्या आईला ते पंधराशे मिळतात, त्यातून ती बीपीच्या गोळ्या आणते. तिला मी चूक म्हणू का?

ताई, आईला अजिबात चूक म्हणू नका. सरकारने दिलेले पैसे तिने घेतले आणि औषधाला लावले, यात तिचा काय दोष. आणि मी गप्प होतो हे तुमचं बरोबर आहे. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी उत्तर प्रदेशात एक्सप्रेसवेच्या उद्घाटनाला रेवडीचं राजकारण, म्हणजे मतांसाठी फुकट वाटणं, देशाला घातक आहे असं सांगितलं तेव्हा मी याच पानावर त्याचं कौतुक केलं होतं. दोनच वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, आपल्या राज्यात आमच्याच बाजूच्या सरकारने २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिना पंधराशे सुरू केले. तेव्हा मी लिहायला हवं होतं. निवडणूक तोंडावर आहे, आत्ता कशाला, असं म्हणून मी थांबलो. ती माझी चूक झाली.

पण मला हे का पटत नाही ते सांगायचं तर आजीपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला होती. घरात चार पोरं, आजोबा दम्याने अंथरुणाला, विहिरीच्या तळाला नुसती ओल. गावाजवळ आधी रस्त्याचं काम निघालं आणि मग पाझर तलावाचं. ती पहाटे भाकरी बांधून निघायची, गोणपाटाचा तुकडा टाकून बसायची आणि संध्याकाळपर्यंत हातोडी चालवायची. मुकादम ढीग मोजायचा, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा, आठवड्याला पगार. दिवसाचे तीनेक रुपये पडायचे असं ती सांगायची. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडंच राहिलं, हातोडी बसली होती त्यावर, आणि मी लहान असताना तिच्या मांडीवर झोपलो की ते नख धरून झोपायचो, म्हणजे बोट तिचं आणि मूठ माझी.

कामावर सुकडी मिळायची. आता सुकडी म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगावं लागतं, भाजलेलं गोडसर पीठ, सरकारकडून मजुरांना वाटलं जायचं. आजी तिच्या वाट्याची अर्धीच खायची, अर्धी पदराच्या टोकाला गाठ मारून घरी आणायची. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे. ते सांगायचे की आई दिसली की आम्ही चौघं आधी पदराकडे बघायचो, मग तिच्या तोंडाकडे. हे वाक्य बोलताना दरवेळी त्यांचा आवाज जायचा, साठी उलटल्यावरसुद्धा. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची. पण आजी मिलोबद्दल जेवढी कुरकुरायची तेवढी कामाबद्दल कधी बोलली नाही. "आमी काय मागायला गेलो न्हवतो, हातोडी चालवली आन पगार घेतला," एवढंच.

ते सरकार काँग्रेसचं होतं, वसंतराव नाईक मुख्यमंत्री. मी त्या पक्षाला आयुष्यात मत दिलेलं नाही, पण हे काम त्यांचं आहे आणि ते मोठं आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधी तासगाव तालुक्यात विसापूरला हे करून बघितलं, मग रोजगार हमी योजना म्हणून ते राज्यभर गेलं, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला सरकारने काम द्यायचंच, आणि बाईला पुरुषाइतकाच दर. पुढे २००५ मध्ये अख्ख्या देशाने हाच नमुना घेतला.

आणि याला पैसा कुठून आला? इथे आमच्या घराचा दुसरा धागा जोडला जातो. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर आणला, पगारदार, डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्यावर, मुख्यतः रोजगार हमीसाठी. तेवढीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. सुरुवातीला कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये, १९८८ च्या घटनादुरुस्तीनंतर २,५००, आजही तीच. माझे वडील झेडपीचे प्राथमिक शिक्षक झाले. मी पाचवी-सहावीत असेन, त्यांनी पगाराची स्लिप पुढ्यात ठेवली, पीटी असं लिहिलेल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, हे तुझ्या आजीसारख्या बायकांच्या मस्टरला जातं." कुरकुर नाही, काही नाही. कापलेल्या पैशाचा एवढा अभिमान असलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. एकाच घरात आईने घेतलं आणि मुलाने फेडलं, आणि दोघांना माहीत होतं कुणाचं कुणाकडे गेलं.

आज हेच कुणाला माहीत नाहीये, माझं दुखणं ते आहे. २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटमध्ये लाडक्या बहिणीला ३६,००० कोटी ठेवले. त्याच बजेटमध्ये महसुली तूट, म्हणजे नेहमीच्या खर्चाला कमी पडणारी रक्कम, ४५,८९१ कोटी दाखवली. कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे, म्हणजे तान्ह्या बाळापासून धरलं तर माणशी सत्तर हजाराच्या वर. कुठला नवा कर लावला का की बाबा शहरातल्यांनो तुम्ही एवढे द्या, गावातल्या बहिणीला जातील? नाही लावला, कारण कर लावला की मत जातं. मग काय, कर्ज काढायचं आणि इकडून तिकडून वळवायचं. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विभागाचा निधी वळवला म्हणून खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली, तेही याच सरकारातले. आमच्या घरात उसनवारी करायची झाली तर आजी आधी सगळ्यांना चुलीपुढे बसवून सांगायची, किती घेतोय, कुणाकडून घेतोय, कधी द्यायचे. पोरांनासुद्धा, कारण उद्या त्यांनाच फेडायचे. मी स्वतःला जुन्या वळणाचा म्हणतो ते याच अर्थाने.

आणि देताना तरी नीट बघितलं का? आचारसंहितेच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते घाईघाईने एकदम टाकले, २० नोव्हेंबरला मतदान झालं, निकाल तुम्हाला माहीतच आहे, आणि छाननी सुरू झाली ती २०२५ मध्ये. तेव्हा कळलं की सरकारी नोकरीतल्या बायकांनीही घेतलेत आणि चौदा हजारांवर पुरुषांच्या खात्यात पैसे गेलेत. आजीच्या मुकादमाने मस्टरवर एक खोटा अंगठा घेतला असता तर गावाने त्याला पारावर उभं केलं असतं.

माझी चुलती विधवा आहे, वय ६७. म्हणजे लाडक्या बहिणीत बसत नाही. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, या निराधार आणि म्हाताऱ्या माणसांसाठीच्या जुन्या योजना आहेत, त्यासाठी तिने अर्ज केला तेव्हा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागत होतं. तिच्या दाखल्यावर २४,००० लिहून आलं, महिन्याला दोन हजार, आणि अर्ज परत. एका कार्यालयात ती चार वेळा गेली, दोनदा मी बरोबर होतो, खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता पण आकड्यापुढे त्याचंही काही चालत नव्हतं. आणि लाडक्या बहिणीची अट किती? अडीच लाख. आता सांगा ताई, ज्या राज्यात दोन हजारात जगणारी म्हातारी श्रीमंत ठरते आणि वीस हजार महिना येणाऱ्या घराला मदत मिळते, तिथे गरिबाचा विचार करून योजना केली असं मी कसं मानू?

तुमच्या आईचे पैसे एकदम बंद करा असं मी म्हणणार नाही, दिलेलं ताट ओढून घेऊ नये. पण आधी निराधार, विधवा, म्हातारी माणसं, त्यांची अट वाढवा, रक्कम वाढवा. धडधाकट माणसाला काम द्या आणि कामाचे पैसे वेळेवर द्या. आणि उरलेलं वाटायचंच असेल तर कर लावून वाटा, तोंडावर सांगून.

प्रश्न (एक वाचक, कराड): मग विरोधकांना मत द्यायचं का?

काका, त्याच निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी पंधराशेचे एकवीसशे करू म्हटलं. विरोधकांनी महिना तीन हजाराचं आश्वासन दिलं. दोन्हीकडून बोलीच लागली होती, आणि तूट भरायची कशी हे एकानेही पाच मिनिटं बसून समजावून सांगितलं नाही. माझं मत अजून त्याच बाजूला आहे, देशाच्या सुरक्षेबद्दल, मंदिराबद्दल, कुटुंबाबद्दल मला जे वाटतं ते तिथेच आहे. पण उमेदवार दारात आला की मी त्याला कर्जाचा आकडा विचारतो. महापालिका आणि झेडपीच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या आणि प्रशासकाचं राज्य चाललं, त्याबद्दलही विचारतो. आपल्या माणसाला जाब विचारला म्हणून आपण परके होत नाही, वडिलांनी आयुष्यभर हेच केलं, आणि त्यांना कुणी शाखेतून काढलं नाही.

प्रश्न (एक विद्यार्थी, पुणे): तुमच्या मागच्या लेखात आजीच्या तलावाचा उल्लेख होता. तो अजून आहे का? पाणी असतं?

आहे ना. पिचिंगचे, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवलेले, दगड अजून जागेवर आहेत, मधला थोडा भाग खचलाय. मध्यंतरी गाळाने एवढा भरला होता की मार्चमध्येच क्रिकेटचं मैदान व्हायचं. मग गाळमुक्त धरण योजनेत मशीन आलं, गाळ फुकट पण वाहतूक ज्याची त्याने करायची. वडील नुकतेच रिटायर झाले होते, त्यांनी ट्रॅक्टर भाड्याने लावला आणि स्वतः खेपा मोजत उभे राहिले, डोक्याला टॉवेल बांधून, हातात जुनी शाळेची वही. माळाकडच्या मुरमाड तुकड्यात तो गाळ पसरला. त्या वहीत शेवटच्या पानावर खेपांच्या उभ्या रेघा आहेत, पाच-पाचच्या जुड्या करून, आणि खाली डिझेलचा हिशोब. दोन वर्षांनी ते गेले. आता पावसाळ्यानंतर जानेवारीपर्यंत पाणी टिकतं, चांगलं वर्ष असेल तर फेब्रुवारी. त्या तुकड्यात पूर्वी कुसळं यायची, यंदा तूर आहे, माझ्या कमरेच्या वर गेलीय. सांगोल्याकडे आलास तर कळव, दाखवतो.