आवाज कुठून येतोय हे कानाला कसं कळतं, आणि यात संशोधन करून करिअर होतं का?

होतं ना भाऊ. आरगॉन वायू शोधणारे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले, 1904 चं नोबेल, त्यांनीच 1907 मध्ये मांडलं की खालच्या पट्टीचा आवाज दोन्ही कानांवर किंचित मागेपुढे पोचतो, फार तर 0.7 मिलिसेकंद, आणि वरच्या पट्टीचा डोक्याच्या आडोशाने पलीकडच्या कानाला कमी येतो, यावरून मेंदू दिशा काढतो. आमच्याकडे रावेरला रात्री केळीला पाणी द्यायला गेलो की टिटवी पुढं ओरडतेय का मागं तेच कळत नाही कधीकधी, कारण दोन्ही कानांना सारखंच ऐकू येतं ना, मग मान वळवली की समजतं. बारावी सायन्सनंतर ऑडिओलॉजी, म्हणजे ऐकण्याचं शास्त्र, करा, म्हैसूरला त्यासाठी 1965 पासूनची सरकारी संस्था आहे, एन्ट्रन्स असते. फिजिक्स किंवा सायकॉलॉजीकडूनही या संशोधनात जाता येतं, पण पीएचडी लागेलच.