शटरचा टीव्ही राहू द्या, आधी त्या चार पावत्या काढा

सांगलीहून एका काकांचं पत्र आलंय. वय 61, साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातून निवृत्त. ऐंशीच्या दशकात ड्युटी सुटल्यावर टीव्ही दुरुस्त करायचे. माळ्यावरच्या लाकडी शटरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर त्यांनी नातवाला यूट्यूब लावून दाखवलं आणि पाचगणीच्या एका कॅफेवाल्याने तो संच 9 हजारांना उचलला. आता त्यांना असे 30 संच गोळा करायचेत, मिरजेत गाळा घ्यायचाय. खर्च 3 लाख. प्रश्न असा, की त्यासाठी ठेवीवर कर्ज काढावं की पावती मोडावी?

पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय: "निवृत्तीचे सगळे 18 लाख पतसंस्थेत 11 टक्क्यांनी आहेत. पिग्मी एजंट घरचाच आहे. पाच लाखांच्या आतल्या पावतीला सरकारी विमा असतो म्हणून त्याने साडेचार लाखांच्या चार पावत्या करून दिल्या. घर त्या व्याजावरच चालतं."

काका, एजंटने तुम्हाला दोन थापा मारल्यात. कदाचित त्यालाही खऱ्याच वाटत असतील, पण म्हणून तुमचं नुकसान कमी होत नाही.

पाच लाखांचा विमा पावतीला नसतो, माणसाला असतो. एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांमधल्या सगळ्या ठेवी, व्याजासकट, एकत्र धरून पाच लाख. चार पावत्या करा नाहीतर चाळीस, आकडा तोच. आणि हे झालं बँकेचं. सहकारी बँकांनाही हा विमा आहे, पतसंस्थेला मात्र नाही. ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते, तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो. पाटीवरचं 'शासनमान्य' म्हणजे नोंदणी झालेली, हमी नव्हे. म्हणजे तुमच्या 18 लाखांतल्या एका रुपयालाही हा विमा नाही. तुमची पतसंस्था उत्तम चालत असेल, तिला मी नावं ठेवत नाही. पण ठेवी अडकल्या की काय होतं, ते सांगलीकराला मी सांगायला नको.

आता त्या जास्तीच्या व्याजाचं बघू. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हे लिहिताना 8.2 टक्के मिळतात. फरक 2.8 टक्क्यांचा, 18 लाखांवर वर्षाला साधारण 50 हजार. बुडालेले 18 लाख या जादा व्याजातून भरून काढायला 36 वर्षं लागतील. तुम्ही तेव्हा 97 वर्षांचे असाल.

म्हणून पावत्या काढा. दोन पावत्यांची मुदत तीन महिन्यांत संपते म्हणता, त्यांना संपू द्या, पण 'ऑटो रिन्यू'वर, म्हणजे मुदत संपली की पावती आपोआप पुढे चालू ठेवण्यावर, सही केलेली नाही ना, ते बघा. उरलेल्या दोन सोमवारीच मोडा. 9 लाखांवर 2 टक्के कापले तरी 18 हजार जातील. जाऊ देत. 15 लाख पोस्टात, काकूंना जॉइंट ठेवून. 3 लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, दवाखान्यासाठी. व्याज तिमाहीला येतं, हिशेब महिन्याचा केला तर पोस्टाचे दहा हजार आणि बँकेचे दीड. आज साडेसोळा येतात. महिन्याला पाच हजारांचा खड्डा पडतो, ते मी लपवत नाही. पण ते पाच हजार तुमचे कधीच नव्हते. मुद्दल धोक्यात घातल्याचं ते भाडं होतं.

ठेवीवरच्या कर्जाचा प्रश्न इथेच संपला. जी पावती काढायचीय, तिच्यावर कर्ज कसलं?

राहिला टीव्ही. पहिल्या संचावर 9 हजार सुटले असं तुम्ही धरलंय. तो संच माळ्यावर फुकट पडला होता आणि तुमचे चार दिवस तुम्ही मोजलेच नाहीत. आता विकत घेऊन करा: भंगारवाल्याकडून संच दीड हजार, कॅबिनेटचं पॉलिश दोन, कंडेन्सर आणि ईएचटी (पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) हजार, यूट्यूब दाखवणारी स्ट्रीमिंग स्टिक तीन, तिच्या एचडीएमआय सिग्नलचं जुन्या पद्धतीचं एव्ही करणारा डबा आणि ते अँटेनाच्या वायरीतून टीव्हीत सोडणारा मॉड्युलेटर मिळून दोन. साडेनऊ झाले, वाहतूक अजून धरलेली नाही. विकणार नऊला!

तांत्रिक बाजू तुम्हाला माझ्याहून जास्त कळते, पण गिऱ्हाईक कशावरून भांडेल ते सांगतो. बरेच मॉड्युलेटर यूएचएफवर, म्हणजे वरच्या चॅनेलवर सिग्नल देतात आणि शटरच्या संचाला व्हीएचएफच, म्हणजे खालचे चॅनेलच समजतात. पैसे भरून बघायच्या ॲपवर कॉपी-संरक्षणामुळे कधी नुसता काळा पडदा येतो. रुंद चित्र चौकोनी पडद्यात बसवलं की खालची अक्षरं वाचता येत नाहीत. पिक्चर ट्यूब गेली तर नवी आणणार कुठून? शिवाय ही ॲप घरगुती वापरासाठी असतात, कॅफेत लावणं त्यांच्या अटींत बसत नाही. त्यामुळे तीस संच आधी गोळा करून ठेवणं म्हणजे तीस भांडणं गाळ्यात रचून ठेवणं.

हौस सोडा असं मी म्हणत नाही. हात आहे तुमचा. गाळा नको, पडवीत करा. ऑर्डर आली की निम्मे पैसे आगाऊ घ्या, मगच संच शोधा. भाव 13 हजार सांगा. कॅफेवाल्याला निव्वळ रूप हवं असेल तर आत जुना चौकोनी कॉम्प्युटर मॉनिटर बसवा, स्वस्तही पडेल आणि रात्री फोनही येणार नाही. ट्यूबचीच हौस असलेल्याला वॉरंटी देऊ नका. वर्षात दहा ऑर्डरी आल्या तर तीसेक हजार सुटतील, म्हणजे त्या खड्ड्याचा निम्मा भाग. जास्त येतील असं धरून चालू नका. पाचगणीच्या एका गिऱ्हाइकावरून बाजार ठरत नाही.

गाळ्याचं डिपॉझिट अजून दिलं नसेल तर देऊ नका. सोमवारी पतसंस्थेत जाताना मूळ पावत्या, आधार आणि पॅन न्या, पैसे बँक खात्यात घ्या, रोख नको. एजंटला बरोबर नेऊ नका.