जुना डिझेल ट्रॅक्टर मिस मारतो? आधी सिलिंडर पकडा

भाऊ, इंजिन मधेच ठोका चुकवतं (मिस मारतं), म्हणून लगेच डिझेल पंप खोलू नका. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि एकेका इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट अर्धा आटा सैल करा. इंजिनाचा वेग पडला, तर तो सिलिंडर चालू आहे. फरकच पडला नाही, तर दोषी तोच. (फवाऱ्यापुढे हात नको, डिझेल कातडीत घुसतं.) इंजिन बंद करून तो इंजेक्टर शेजारच्याशी बदला, तांब्याचे वायसर नवे टाका. मिस इंजेक्टरसोबत सरकली तर त्याचं नोझल (फवारणीचं टोक) खराब. जागच्या जागी राहिली तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, पंप शेवटी.

सगळेच सिलिंडर आळीपाळीने चुकतात? मग दोष सहसा एका इंजेक्टरचा नसतो, आधी डिझेलातलं पाणी आणि हवा बघा. नागपूरच्या पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर उभ्या ट्रॅक्टरच्या डिझेलात पाणी जमतं. फिल्टरमधलं पाणी सोडा, डिझेल लाइनमधली एअर (हवा) काढा.