बर्लिनमध्ये एका सेमिस्टरसाठी गेलेल्या विद्यार्थ्याचे रोजचे आयुष्य कसे असते?

पहिला महिना अभ्यासापेक्षा कागदपत्रांतच अधिक जातो. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. तो द्यायला तयार नसलेल्या मालकाचे घर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण निवास परवान्यासारखी पुढची कामे याच नोंदीपाशी अडतात.

एकदा हे उरकले की दिवस मार्गी लागतात. वेळापत्रकात दहाचे असलेले व्याख्यान बहुधा सव्वादहाला सुरू होते आणि ते संपल्यावर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर मुठीने टकटक करतात. दुपारी विद्यापीठाच्या 'मेन्सा'त, म्हणजे अनुदानित खानावळीत जेवावे. २०२१ पासून बर्लिनमधील मेन्सांत बहुतेक पदार्थ शाकाहारी किंवा व्हीगन असतात, त्यामुळे शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. चवीबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नये.

रविवारी दुकाने बंद असल्याने दूध, भाजी, तांदूळ शनिवारीच भरून ठेवावे. अगदीच अडले तर मुख्य रेल्वे स्थानकातील सुपरमार्केट उघडे असते, पण तिथली रांग पाहून शहाणा माणूस घरी पोहे करून खातो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की पावती निघते आणि तेवढी रक्कम बिलातून वजा होते. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, तेव्हा चटणी त्याआधीच मिक्सरमधून काढून ठेवावी.