ती जाहिरात मुलीला दाखवा

पत्राचा गोषवारा : भुसावळहून एका वडिलांनी लिहिलं आहे. ते रेल्वेच्या विभागीय नियंत्रण कक्षात सेक्शन कंट्रोलर आहेत, म्हणजे ठरलेल्या टप्प्यातल्या गाड्यांची ये-जा सांभाळतात. मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, 64 टक्के. कॉलेजच्या सहलीत इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र पाहून आली आणि तेव्हापासून 'मला ॲक्सिलरेटरच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोल रूममध्येच काम करायचंय' असं म्हणते. वडिलांना रात्रपाळी, रेडिएशन आणि लग्न अशी तिहेरी काळजी आहे. तिने बी.एड. करून गावातच शिकवावं, असं त्यांना वाटतं. मागे भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणार्थी भरतीची जाहिरात एका सहकाऱ्याने त्यांना पाठवली होती. ती त्यांनी मुलीला दाखवली नाही.

नमस्कार.

तुम्ही मला रेडिएशनबद्दल विचारलं आहे. त्यावर येतेच, पण आधी पत्राच्या तिसऱ्या पानावर ओघात लिहून गेलेलं ते वाक्य : 'जाहिरात मी तिला दाखवलीच नाही, पुढची येईपर्यंत डोक्यातलं खूळ उतरेल असं वाटलं.' ते वाचून मला फार वाईट वाटलं. मुलीचे टक्के, तिचा विषय, तिची आवड यांपैकी कशाचीच मला चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती या वाक्याची.

या भरतीत पदवीधर गटासाठी अलीकडच्या जाहिरातीत वयाची कमाल मर्यादा 24 होती. राखीव प्रवर्गांसारख्या काही गटांना सवलत असते, इतरांना नाही. तुमची मुलगी येत्या मार्चमध्ये 23 पूर्ण करेल. या जाहिराती एमपीएससीसारख्या वेळापत्रकाने येत नाहीत. कधी दोन जाहिरातींमध्ये मोठा खंड पडतो. किमान 60 टक्क्यांची अट ती सहज पूर्ण करते. म्हणजे ज्या एका दारातून तिला बी.एस्सी.वर थेट आत जाता आलं असतं, ते उघडं होतं आणि तिला कळलंही नाही.

तुम्ही तिला तोंडावर 'नाही' म्हणाला असतात तर ती भांडली असती, दोन दिवस जेवली नसती, आईला मध्ये घातलं असतं. कदाचित शेवटी तुमचं ऐकलंही असतं. त्यात बापलेकीचं काही बिघडत नाही. पण तुम्ही तिला भांडायलाही जागा ठेवली नाहीत. तिच्या वर्गातल्या कोणीतरी तो फॉर्म भरला असणार, आज ना उद्या तिला समजणारच. दुसऱ्याकडून समजण्याआधी तुम्ही सांगा. आज रात्री ड्युटी नसेल तर आजच. सारवासारव न करता सांगा, की जाहिरात आली होती, मी लपवली, मला भीती वाटली.

भीती वाटली हे मात्र मला मनापासून पटतं. तुम्ही लिहिलंय की मुलगी पहिलीत असताना आठवडा आठवडा तुम्ही तिला फक्त झोपलेलीच पाहत होतात. रात्रपाळी म्हणजे काय हे तुम्हाला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. पोटाचे विकार, सणाला रिकामं राहिलेलं पान, दुपारी झोपायचं तर शेजारच्या घरातला मिक्सर. ही काळजी खोटी नाही आणि मी ती उडवून लावणार नाही. फक्त ती रेडिएशनच्या नावाखाली मांडू नका. मुलीशी बोलताना रात्रपाळीबद्दलच बोला. त्या विषयात तिच्या घरात तुमच्याएवढा जाणकार दुसरा कोणी नाही.

आता ते काम काय आहे ते बघा, कारण मुलगी काय पाहून भारावली हे तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. इंदूरला इंडस-2 नावाचं यंत्र आहे. साधारण 172 मीटर परिघाचं एक कडं, त्यातून निर्वात नळी फिरते आणि त्या नळीतून इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावतात. सेकंदाला सतरा लाखांवर फेऱ्या. आधी मायक्रोट्रॉन नावाचं छोटं यंत्र त्यांना 20 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) नेतं, मग बूस्टर हे दुसरं यंत्र 550 पर्यंत, मग ते मोठ्या कड्यात साठवत जातात आणि शेवटी इलेक्ट्रॉनांचा सगळा झोत मिळून 2.5 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चढवतात. वळणांवर या इलेक्ट्रॉनांतून जो क्ष-किरणांचा प्रकाश निघतो, त्यावर देशभरातले संशोधक प्रयोग करतात. कोणी औषधाचा स्फटिक घेऊन येतं, कोणी नव्या मिश्रधातूचा तुकडा.

पहाटे तीनला झोत अचानक बंद पडला तर कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला आधी एकच गोष्ट शोधायची असते : पहिलं कोण पडलं? एका सेकंदाच्या आत पडद्यावर डझनभर अलार्म लाल होतात, पण त्यातला एकच मूळ असतो, बाकीचे त्याच्यामागून आलेले. इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देणारी रेडिओ-लहरींची कॅव्हिटी (धातूची पोकळी) बंद पडली, की चुंबकाचा वीजपुरवठा, की चुंबक थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान चढलं, की बाहेरच्या विजेलाच झटका बसला? नोंदींच्या वेळा ताडून ते ठरवायचं, लॉगमध्ये लिहायचं, गरज असेल त्या विभागाच्या माणसाला झोपेतून उठवायचं आणि दुरुस्तीनंतर झोत पुन्हा भरायचा. बाहेर प्रयोगाला बसलेला कोणी दुसऱ्या राज्यातून आलेला असतो, त्याच्या वाट्याचे तास संपत चाललेले असतात, तो फोन करून विचारत राहतो. त्याला शांतपणे उत्तर द्यायचं. वरिष्ठ ऑपरेटर म्हणजे हे सगळं करूनही ज्याचा आवाज चढत नाही, आणि कारण सापडल्याशिवाय नुसतं रीसेट दाबायला जो नकार देतो तो. ब्लॉक सेक्शनमध्ये सिग्नल गेल्यावर तुम्ही जे करता त्याच जातीचं हे काम आहे. मुलीने ते लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकलेलं आहे. तिची निवड मला तुमच्याच घरातून आलेली वाटते.

रेडिएशनचं आता बोलू. तुमच्या पत्रात 'अणुभट्टीसारखं ते मशीन' असं दोनदा आलंय. ॲक्सिलरेटर ही अणुभट्टी नव्हे. त्यात युरेनियम नाही, धगधगत राहणारं काही नाही. इंडस-2 सारख्या इलेक्ट्रॉन यंत्राचा वीजपुरवठा तोडला की झोत क्षणात नाहीसा होतो आणि त्याबरोबर त्याचे किरणही थांबतात. प्रोटॉन किंवा जड आयनांच्या यंत्रात भागांमध्ये काही किरणोत्सार मागे उरतो, तिथे मोजमाप करून, वाट पाहून मगच आत जातात. यंत्र चालू असताना माणसं जाड काँक्रीटच्या अलीकडे असतात. झोत सुरू करण्यापूर्वी ठरलेल्या वाटेने चालत जाऊन आत कोणी राहिलं नाही ना हे पाहायचं, वाटेवरची बटणं क्रमाने दाबायची, दार लावायचं, भोंगा वाजतो. त्यानंतर कोणी दार उघडलं तर झोत आपोआप मरतो, कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. छातीवर डोस मोजणारा बिल्ला असतो आणि त्याची नोंद ठेवली जाते. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेला किरणांचा डोस मोजायचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 अशी आहे. जमीन, हवा, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात. आणि 'मूल होणार नाही' असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांना विचारा किती डोसने? वंध्यत्वाचा प्रश्न शेकडो-हजारो मिलिसिव्हर्ट थोड्या वेळात शरीरात गेल्यावर येतो. गरोदर कर्मचाऱ्याने कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भासाठी 1 मिलिसिव्हर्टची वेगळी, कडक मर्यादा लागू होते. या अफवेवर मुलीचं आयुष्य ठरवू नका.

लग्नाबद्दल एवढंच : ज्या स्थळाला मुलीच्या नोकरीची पाळी चालत नाही, ते स्थळ आधीच कळलं तर चांगलं. तुमच्या पत्नीने तुमच्या रात्रपाळ्या तीस वर्षं निभावल्या, तेव्हा कोणी त्यांच्या वडिलांना पत्र लिहिलं नव्हतं.

मार्ग थोडक्यात. बी.एस्सी. किंवा पदविकेवर प्रशिक्षणार्थी म्हणून दोन वर्षं, विद्यावेतनासह. किंवा एम.एस्सी. 60 टक्क्यांनी करून, गेट ही राष्ट्रीय परीक्षा किंवा भाभा केंद्राची ऑनलाइन परीक्षा आणि मुलाखत देऊन वैज्ञानिक अधिकारी. त्याची वयोमर्यादा साधारण 26. या दुसऱ्या वाटेचं एक प्रशिक्षण विद्यालय इंदूरलाच आहे.

पण मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, आणि ती तिच्या भारावलेपणात तिला कोणी सांगितलेली नाही. प्रशिक्षणानंतर नेमणूक कुठे होईल हे उमेदवार ठरवत नाही. ॲक्सिलरेटर मनात धरून गेलेल्याला अणुभट्टीवर किंवा अणुइंधनाच्या कारखान्यात पाठवू शकतात. देशात अशी मोठी यंत्रं मोजकीच आहेत : इंदूरला इंडस, कोलकात्याला सायक्लोट्रॉन, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातला पेलेट्रॉन, दिल्लीत आणखी एक. जागा थोड्या, बदली-बढती सावकाश. तुम्ही 'निदान सर्नला तरी जाईल का' असं विचारलंय. सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची कणभौतिकीची मोठी युरोपीय प्रयोगशाळा. भारत 2017 पासून त्या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या पदांना अर्ज करता येतो. पण पाळ्या तिथेही चोवीस तास चालतात, आणि तिथे जाण्याआधी इथे हात काळे व्हावे लागतात. तो आताचा प्रश्न नाही.

ॲक्सिलरेटर फक्त प्रयोगशाळेत असतो असंही नाही. कर्करोगाच्या रुग्णालयातलं रेडिओथेरपीचं यंत्र हा लहान इलेक्ट्रॉन ॲक्सिलरेटरच आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि त्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका केली तर मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. तिथे काम बहुतेक दिवसा असतं आणि जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या टापूतही अशी रुग्णालयं आहेत. पेट स्कॅन या कर्करोगाच्या तपासणीसाठी लागणारं फ्लोरिन-18 हे किरणोत्सारी द्रव्य बनवणारे सायक्लोट्रॉनही आहेत. ते द्रव्य 110 मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते यंत्र पहाटेच सुरू करावं लागतं. खारघरला टाटा मेमोरियलचं प्रोटॉन उपचार केंद्र आहे. रात्रपाळी हाच खरा अडसर असेल तर या वाटांवर तिच्याशी बसून बोला. बी.एड.बद्दल मी काही लिहीत नाही, कारण तिला शिकवायचं आहे असं तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता थोडं मुलीला. बाळा, हे पत्र बाबा तुला वाचायला देतील अशी आशा आहे. एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेव, म्हणजे वयामुळे पहिली वाट बंद झाली तरी दुसरी हातात राहील. इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिकं नुसती जर्नल पुरी करण्यासाठी करू नकोस. व्हॅक्यूम पंप कसा चालतो, गळती कशी शोधतात, ऑसिलोस्कोपवर तरंग स्थिर कसा करायचा, हे हाताने कर. मुलाखतीत बसलेली माणसं तेच विचारतात आणि पाठांतर त्यांना लगेच ओळखू येतं. सुट्टीत बाबांच्या ऑफिसची परवानगी मिळत असेल तर एक पूर्ण रात्र त्यांच्याबरोबर कंट्रोलमध्ये बस, सकाळी सहापर्यंत. त्यानंतरही हेच काम हवं वाटलं तर मला स्वतः लिही. यापुढच्या अर्जांत मोबाइल नंबर आणि ईमेल तुझाच टाक, बाबांचा नको.