वाचकांचे प्रश्न: पावसाळ्यात लाकडी मुठीचा चाकू आखडतो

प्रश्न (बोरिवली): भाओजींनी फ्रान्सहून ओपिनेल कंपनीचा घडीचा चाकू आणलाय, ८ नंबर, कार्बन पात्याचा. मे महिन्यात लोण्यासारखा उघडायचा, जुलै लागला आणि पातं बाहेरच येईना, नख तुटायची वेळ आली. शिवाय मूठ फारच फिकट दिसते, काळी करता येईल का घरी?

उत्तर: चाकूला काही झालेलं नाही, लाकूड फुगलंय. ओपिनेलची मूठ म्हणजे बीच झाडाच्या लाकडाचा एकच सलग तुकडा, त्यात खाच पाडून पातं बसवलेलं, त्यामुळे आपली पावसाळी हवा लागली की खाच आवळते आणि पात्याचं बूड चिमटीत अडकतं. आत्ता उघडायचाय तर पात्याच्या बुडाशी असलेली लॉकची धातूची रिंग फिरवून मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक ओट्याच्या कडेवर ठक्कन आपटा, पातं जरा वर येतं, मग नखाने धरा. ही साव्हॉयकडची, म्हणजे चाकूच्या गावचीच जुनी युक्ती आहे. गॅसवर शेकवत मात्र बसू नका, मूठ तडकेल.

कायमचं करायचं तर चाकू दोन-तीन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मग पातं अर्धवट उघडून खाचेच्या आतल्या बाजूंना पॉलिश पेपरची घडी हलकेच फिरवा. हलकेच म्हणजे हलकेच, कारण जास्त घासलं तर डिसेंबरमध्ये पातं डुगडुगणार आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. शेवटी सांध्यात व्हॅसलिन भरा, पाणी आत शिरत नाही.

आता रंग. आधी वरचं व्हार्निश १२० नंबरच्या पेपरने काढा, मग २२०, मग ४००. रिंगच्या आसपास लाकूड पातळ करू नका, सगळा जोर तिथेच येतो. काळ्यासाठी डाय आणू नका, स्वयंपाकघरात सगळं आहे: व्हिनेगरमध्ये स्टील वूल (स्टेनलेसची घासणी चालत नाही, साधं लोखंडाचं हवं) एक-दोन दिवस बुडवून ठेवा, झाकण सैल ठेवा कारण गॅस होतो. बीचमध्ये टॅनिन (लोखंडाशी मिळून काळा रंग देणारा तुरट अंश) कमी असतं, म्हणून मुठीला आधी कडक कोरा चहा दोन-तीनदा लावून वाळवा आणि मग ते व्हिनेगर ब्रशने फिरवा, डोळ्यांदेखत राखाडी आणि मग काळपट होत जातं, मला तरी बाजारच्या काळ्या रंगापेक्षा हाच आवडतो. फक्त पात्याला आधी टेप गुंडाळा, नाहीतर त्यावरही डाग पडतील. पूर्ण वाळलं की अळशीचं तेल पातळ हाताने चोळा. आणि तो तेलाचा बोळा चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका हं, अळशीचं तेल वाळताना तापतं आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं, पाण्यात भिजवून मगच टाका.

प्रश्न (मुलुंड): ट्रेकला ओपिनेल घेऊ की बक ११० हा अमेरिकन घडीचा चाकू?

उत्तर: दोन्ही जुनी खोडं, ओपिनेल १८९० पासूनचा आणि बक ११० हा १९६४ चा. बकमध्ये लाकडाच्या पट्ट्या धातूच्या सांगाड्यावर बसवलेल्या असतात, म्हणून फुगून पातं अडकायचा प्रश्नच नाही, आणि मागचं लॉक खट्कन बसतं. पण वजन २०० ग्रॅमच्या आसपास, खिशात टाकला की पँट एका बाजूला ओढली जाते. ओपिनेल त्याच्या पाव वजनाचा, आणि पातं इतकं पातळ की टोमॅटो, कांदा, पेरू कापायला बक त्याच्या पासंगाला पुरत नाही. जाडजूड दोरी नि फांद्या कापायच्या असतील तरच बक. राजमाची-लोहगडवर भेळेसाठी कांदा चिरायचाय ना, मग ओपिनेल, पण स्टेनलेस पात्याचा. कार्बनचं पातं कैरी कापली की घरच्या विळीसारखं काळं पडतं, ते चालतंच, पण भिजलेल्या बॅगेत रात्रभर राहिला तर सकाळी लाल गंज.

प्रश्न (गिरगाव): लोकलमध्ये खिशात ठेवला तर पोलीस पकडतील का?

उत्तर: शस्त्र परवान्याच्या नियमात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात, त्यातही घरकामाची वगळून. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर. पण मुंबईत पोलिसांचे मनाई हुकूम निघत असतात आणि त्यात चाकू-सुरेही येऊ शकतात, तेव्हा ‘नियमात बसतो साहेब’ म्हणून हुज्जत घालण्यापेक्षा ट्रेकच्या दिवशीच न्या, सॅकच्या तळाशी, डब्याबरोबर. विमानाला चेक-इन बॅगेत.