क्रूझचं भाडं माणशी साडेसहा हजारांनी उतरलं, तर तारीख बदलावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्ह्याजवळच्या गावातले तुम्ही चौघं, म्हणजे तुम्ही नवरा-बायको, सातवीतली मुलगी आणि आई. नाताळाच्या आठवड्यातली मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ माणशी ३१,००० रुपयांनी बुक केलीत. आता एजंट म्हणतो, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तीच सफर २४,५०० मध्ये बसते, फक्त तारीख बदलायचे माणशी ३,००० भरा. रेल्वेची तिकिटं काढून झालीत, वावरात कापूस आणि तूर उभी आहे. बदलू की नको?

मी आर्वी-पुलगाव पट्ट्यातला, कपाशी-सोयाबीनवाला. काही वर्षांआधी हाच खेळ खेळलो आणि आपटलो, म्हणून लिहितो.

आधी हिशेब. एजंटने तुम्हाला २६,००० वाचतात असं सांगितलं असेल, साडेसहा हजार गुणिले चार. पण क्रूझचं भाडं एसटीच्या तिकिटासारखं डोक्यागणिक सारखं नसतं. ते एका केबिनमध्ये दोन माणसं धरून काढतात. तिसरा-चौथा माणूस त्याच केबिनच्या वरच्या बर्थवर झोपणार असेल तर त्याचं भाडं मुळातच कमी असतं, आणि नवी सूट पुष्कळदा पहिल्या दोघांच्याच भाड्यावर असते. तारीख बदलायचा दंड मात्र चौघांनाही लागतो. तुम्ही केबिन एक घेतली की दोन, ते लिहिलेलंच नाही. आणि सगळं घोडं तिथेच अडलंय.

दोन केबिन असतील तर फरक पूर्ण २६,०००. त्यातून दंडाचे १२,००० गेले. रेल्वेची जाण्या-येण्याची मिळून आठ तिकिटं रद्द करावी लागतील. मी थर्ड एसीची कन्फर्म तिकिटं बऱ्याच दिवस आधी रद्द केली तेव्हा प्रत्येकी १८० आणि वर जीएसटी, असे १८९ कापले होते. त्या दराने आठांचे १,५१२. हातात उरले १२,४८८. वाईट नाही.

एकच केबिन असेल आणि सूट दोघांपुरतीच असेल तर फरक १३,०००. दंड तोच १२,०००, रेल्वे तीच १,५१२. म्हणजे स्वस्त तारीख घेण्यासाठी तुम्ही पदरचे ५१२ रुपये घालणार!

हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. एजंटचा व्हॉट्सअॅपवरचा आकडा पाहिला, त्याला चाराने गुणलं आणि बायकोला म्हटलं, एवढ्यात तर फवारणीचा पंप येते.

आमची मूळ तारीख दिवाळीनंतरची होती, नोव्हेंबरच्या मध्यातली. ऑगस्टच्या सुरुवातीला एजंटचा फोन आला की सप्टेंबरच्या शेवटी घेता का, खूप स्वस्त आहे. मी हो म्हणून मोकळा झालो. स्वस्त का आहे, हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. आईने कॅलेंडर काढलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "पित्तरपाटात कोन फिराले जाते रे?" पितृपक्षात कोणीच जात नाही, म्हणून तर स्वस्त. बाबांची तिथी आम्ही परत येण्याच्या दुसऱ्या दिवशी होती, एवढं नशीब.

दुसरं कारण जहाजावर कळलं. मुंबईतून पावसाळा अधिकृतपणे माघारी जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. सप्टेंबरअखेर समुद्र अजून पुरता निवलेला नसतो. पहिल्या रात्री जेवायला बसलो तर आईच्या ताटातली वाटी आपोआप सरकत सरकत काठाला येई, पुन्हा मागे जाई. तिने एका हाताने वाटी धरली, दुसऱ्याने टेबल. "बंडीत (बैलगाडीत) बसल्यावानी हालते," म्हणाली, आणि त्यानंतर ती दीड दिवस केबिनमधून बाहेर आली नाही. घरून आणलेला ओवा आणि लिंबू, एवढ्यावर तिची क्रूझ पार पडली. जेवणाचे पैसे भाड्यातच धरलेले असतात. तिच्या वाट्याचं जेवण तेवढं समुद्रात गेलं म्हणायचं.

त्यात आमची केबिन आतली निघाली, खिडकी नसलेली. नोव्हेंबरला घेतली होती ती खिडकीची होती. नवा भाव "तुमच्याच केबिनचा" असं एजंट फोनवर बोलला होता, कागदावर दुसरंच होतं. भांडायला गेलो तर लेखी काही नाही. तेव्हा केबिनचा प्रकार तोच आहे का, आणि गोव्याला जहाज लागणार आहे का की नुसतं समुद्रात फिरून परत, हे दोन्ही व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. दोन रात्रींची नुसती समुद्रातली फेरी स्वस्तच असते, तिची तुलना तीन रात्रींच्या गोवा फेरीशी करायची नाही. आईंसाठी केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मिळत असेल तर तीच मागा, हेलकावे तिथे सगळ्यात कमी लागतात. आणि एकाच केबिनमध्ये चौघं असाल तर वरच्या बर्थवर कोण चढणार, तेही आत्ताच ठरवा.

आता तुमची जानेवारी स्वस्त का, ते पाहू. माझ्या मते कारण चांगलं आहे. समुद्राचा काही दोष नाही. अरबी समुद्र डिसेंबर-जानेवारीत साधारण शांतच असतो, त्यामुळे त्या बाबतीत दोन्ही तारखा सारख्या. नाताळ महाग आहे तो मुंबई-पुण्याच्या बऱ्याच शाळांना तेव्हा आठवडा-दीड आठवडा सुट्टी असते म्हणून. आपल्याकडच्या स्टेट बोर्डाच्या पोरांची मोठी सुट्टी दिवाळीची. नाताळाला एक दिवस शाळा बंद, की दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रार्थना. म्हणजे मुलीची शाळा नाताळात बुडणार आणि जानेवारीतही बुडणार. मग दुसऱ्यांच्या सुट्टीचा भाव आपण का भरायचा? फक्त ती तारीख २६ जानेवारीला जोडून येत नाही ना, एवढं बघा. जोडून सुट्टी आली की भाव आणि गर्दी दोन्ही चढतात.

रेल्वेचं तर तुमच्या पथ्यावर पडलंय, आणि एजंट हे तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला बडनेरा स्टेशन कुठे आहे तेच माहीत नसतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवसांवर आलं. मी ऑगस्टमध्ये सप्टेंबरची तारीख घेतली तेव्हा गाडीचं आरक्षण कधीचंच उघडून भरलेलं होतं. वेटिंग हलेना, शेवटी खासगी ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून गेलो, आणि भाड्यात जे वाचलं त्यातला लचका तिथेच तुटला. तुम्ही दिवाळी आटोपल्याबरोबर विचारताय, संक्रांतीनंतरच्या गाडीचं आरक्षण तुमच्यासाठी अजून उघडलेलंच नाही. ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसा, विदर्भ एक्सप्रेस घ्या. ती सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने जवळ आहे. (आपली छोटी रेल्वे, शकुंतला, चालू असती तर दारव्ह्याहून मूर्तिजापूरला डुलत डुलत गेला असता. आमची पुलगाव-आर्वीही तशीच गेली. असो.)

जहाज सुटायच्या दिवशी सकाळी मुंबईत उतरायचं आणि दुपारी चढायचं, हे मात्र करू नका. भुसावळच्या पुढे गाडी दोन तास रखडली की छातीत धडधड सुरू होते, आणि जहाज काही आपली वाट पाहत नाही, चेक-इनची खिडकी ठरल्या वेळेला बंद होते. आदल्या दिवशी पोहोचा. मुंबईतल्या एका रात्रीचा खर्च दोन्ही तारखांना सारखाच, तो हिशेबात धरायची गरज नाही. लॉजचे भाव नाताळात थोडे जास्त असतील, तो जानेवारीचा वरचा फायदा समजा.

नवी तिकिटं हातात येईपर्यंत जुनी रद्द करू नका. मी घाईने आधी रद्द केली होती.

पैशांबद्दल एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. २४,५०० वर आल्यावर जो फरक निघेल तो खात्यात परत येणार आहे, की पुढच्या सफरीचं व्हाउचर मिळणार आहे? पुष्कळ स्वस्त भाड्यांना "फरक परत नाही" अशी अट असते. तुम्ही जास्तीचे भरलेत ते भरलेत, वर दंडही द्या. व्हाउचर असेल तर त्याला मुदत असते, आणि आपण दरवर्षी जहाजात बसणारी माणसं नाही. माझं व्हाउचर मोबाईलमध्येच मेलं. आणि २४,५०० मध्ये पोर्टचे चार्जेस आणि जीएसटी धरलेत का, तेही विचारा. पोर्टचे चार्जेस काही भाड्याबरोबर उतरत नाहीत, ते तेवढेच राहतात. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा त्यांच्याशिवायचा असतो, तुमचा ३१,००० चा सगळं धरून असेल तर तुलनाच खोटी पडते.

हे सगळं जुळलं आणि केबिन दोन असतील तर मी तुमच्या जागी तारीख बदलेन. एकच केबिन असेल तर नाताळालाच जा, पदरचे पाचशे रुपये घालून कशाला वणवण.

आता वावर. नाताळात तुमची कापसाची दुसरी-तिसरी वेचणी ऐन भरात असेल. वेचणीला बायका मिळवणं किती कठीण झालंय ते तुम्हाला मी काय सांगू, एकदा दुसऱ्याच्या वावरात गेल्या की आठवडाभर हाती लागत नाहीत. जानेवारीत तूर. पेरणी वेळेवर झाली असेल तर संक्रांतीपर्यंत सोंगणी (कापणी) उरकते, नाहीतर तुमच्या क्रूझच्या आठवड्यात शेंगा तडकायला लागतील. तुमचा वाण आणि पेरणीची तारीख मला माहीत नाही, तुम्हाला आहे. आठ-दहा दिवसांचा फरक पडत असेल तर एजंटला त्याच्या पुढची फेरी विचारा, फेब्रुवारीच्या सुरुवातीचीही साधारण स्वस्तच असते.

माझी सप्टेंबरची सोयाबीनची गंजी (कापलेल्या पिकाचा ढीग) आठवली की अजूनही पोटात गोळा येतो. सोयाबीन सोंगून गंजी लावली, हडंबेवाल्याने (मळणीयंत्रवाल्याने) परवा येतो म्हणून सांगितलं, आणि आम्ही निघालो. तिसऱ्या दिवशी गोव्याला फोनला रेंज आली (खोल समुद्रात नसते, जहाजाचं वायफाय वेगळे पैसे मागतं) तर शेजाऱ्याचे अकरा मिस्ड कॉल. रात्री पाऊस आला होता. तो बिचारा ताडपत्री शोधत घरभर फिरला, ती होती बंडीच्या खाली, खताच्या पोत्यांमागे. खालचा थर काळा पडला, मार्केटला भाव पाडूनच घेतला. त्या पोत्यांत किती गेले ते मी कधी मोजलं नाही, बायकोने मोजलं.

तेव्हा शेजाऱ्याला किल्ली द्या, आणि ताडपत्री कुठे आहे तेही दाखवून निघा.